मोडेम आणि पांढरी टेप

जगातली मोठमोठी संकटं ‘दोन मिनिटांचं काम आहे’ या वाक्यानं सुरू होतात, आणि हे ओव्हरसिअरांइतकं कुणालाच ठाऊक नसावं. पाणीखात्यातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच असली वाक्यं किती जणांना ऐकवली याची मोजदाद नाही. ‘दोन तासांचं काम आहे, संध्याकाळी पाणी येईल’ असं सांगून त्यांनी खणलेला एक रस्ता पुढे इतके महिने उघडा राहिला, की लोक पत्ता सांगताना त्या खड्ड्याची खूण सांगू लागले. तेव्हा रविवारी सकाळी लेकीनं फोनवर “बाबा, अहो दोन मिनिटांचं काम आहे” म्हटलं, तिथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस दुसऱ्याला टोपी घालण्यात तरबेज असला म्हणून त्याला स्वतःच्या डोक्याचं माप माहीत असतंच असं नाही.

काम एवढंच होतं. घरातला इंटरनेटचा मोडेम कॉम्प्युटरला यूएसबीच्या वायरनं जोडलेला होता, आणि ही जोडणी दर अर्ध्या-पाऊण तासानं मान टाकायची. ती वायर काढून तिच्या जागी इथरनेटची वायर लावायची. मोडेमला दोन्ही भोकं होती, कॉम्प्युटरलाही होती. “एक काढायची, दुसरी खोचायची,” लेक म्हणाली. “मी पुढच्या महिन्यात आले की करून देऊ का?” ओव्हरसिअर म्हणाले, “ज्यानं अर्ध्या शहराला पाणी पाजलं त्याला एक वायर खोचता येत नाही होय?”

पुढच्या महिन्यापर्यंत थांबायची सोयही नव्हती, कारण प्रश्न बाईंचा होता. ओव्हरसिअरांच्या पत्नीला सगळी वसाहत ‘बाई’ म्हणे. अर्ध्या वसाहतीला त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या वसाहतीनं त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. निवृत्त झाल्यावर बाई कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळू लागल्या. आधी वेळ जावा म्हणून, मग वेळ जातोय हे विसरून. पन्नाशीपुढच्या बायकांच्या एका स्पर्धेत त्यांनी ‘हत्ती’ असं टोपणनाव घेऊन भाग घेतला आणि त्या नावाला जागून एकेकीला तुडवत निघाल्या. अशात ‘खारूताई’ नावाच्या कुणा बाईविरुद्धचा डाव आला. आमच्या बाई अख्ख्या हत्तीनं पुढे होत्या. चार चालींत मात होती. आणि मोडेमनं मान टाकली.

स्पर्धेचा नियम असा, की समोरच्याची लाईन गेली तर घड्याळ थांबतं. तीन मिनिटांत तो परतला नाही तर पडद्यावर दोन बटणं येतात. एक ‘विजय घ्या’, दुसरं ‘वाट पाहा’. अकरा मिनिटांनी बाईंची लाईन आली तेव्हा खारूताई विजय घेऊन झाडावर पसार झालेली होती. बाई खुर्चीवरून उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांडी घासली. ती आधीच घासलेली होती, म्हणून ओव्हरसिअर घाबरले.

तरीही उरलेले डाव जिंकून बाई अंतिम फेरीत पोचल्या. डाव शनिवारी दुपारी चार वाजता, आणि समोर पुन्हा खारूताई.

“हरायचं असेल तर मी माझ्या चुकीनं हरेन,” बाई म्हणाल्या. “तुमच्या त्या डबड्यापायी नाही.”

‘तुमच्या’ हा शब्द ओव्हरसिअरांना फार लागला. मोडेम त्यांनी आणला होता हे खरं, पण म्हणून काय त्याच्या चारित्र्याची जबाबदारी त्यांची? शनिवारी चारच्या आत ही जोडणी करून दाखवायचीच, असं त्यांनी ठरवलं. सहा दिवस हातात होते. दोन मिनिटांच्या कामाला सहा दिवस म्हणजे चैन होती.

आता वसाहतीत काही करायचं म्हणजे शेजारच्या मॅनेजरना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नसे. तुम्ही विचारा किंवा विचारू नका, ते सांगतच. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. लेखी परवानगीवाचून जगात पानही हलत नाही, आणि हललं तर त्याची चौकशी व्हायला हवी, असं त्यांचं मत होतं.

“ओव्हरसिअर, मोडेम कुणाचा?” त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं.

“कंपनीचा.”

“मग हात लावू नका. उद्या काही झालं तर ते म्हणतील, ग्राहकानं परस्पर छेडछाड केली. आधी अर्ज टाका. पोच घ्या. मग खुशाल खोचा.”

दुसरा कुणी असता तर हसून मोकळा झाला असता. पण ओव्हरसिअरांनी आयुष्यात एक तोटीसुद्धा अर्जाशिवाय बदलू दिली नव्हती. त्यांना हे शंभर टक्के पटलं.

सोमवारी ते कंपनीच्या कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीत एक गृहस्थ कागदात डोकं घालून बसले होते. जोडणी बदलायची आहे म्हटल्यावर त्यांनी मान वर न करता एक फॉर्म सरकवला. ‘जोडणीच्या स्थानबदलासाठी अर्ज.’ हा फॉर्म घर बदलणाऱ्यांसाठी असतो हे कुणालाही समजलं असतं. पण सरकारी नोकरीत मुरलेला माणूस फॉर्म कशासाठी आहे हे बघत नाही, रकाने बघतो. ‘जुने स्थान’ या रकान्यात ओव्हरसिअरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कॉम्प्युटरची मागील बाजू, वरून दुसरे भोक.’ ‘नवे स्थान’ यात लिहिलं, ‘सदर कॉम्प्युटरची सदर बाजू, खालून पहिले भोक.’ कारण, ‘वारंवार खंडित होणारा प्रवाह.’ आणि संदिग्धता राहू नये म्हणून सोबत एक नकाशा जोडला. त्यात टेबल, कॉम्प्युटर, दोन्ही भोकं आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. पोच घेऊन ते घरी आले तेव्हा अर्धं काम झाल्यासारखंच त्यांना वाटत होतं.

मंगळवारी वायर. दुकानदारानं विचारलं, “मोडेम कुठे असतो तुमचा?”

“टेबलावर. कॉम्प्युटरशेजारी.”

“मग मीटरभर पुरे.”

इथं एकतीस वर्षांचा अनुभव उफाळून आला. मोडेम टेबलावर, कॉम्प्युटरही टेबलावर. म्हणजे टाकी आणि नळ एकाच पातळीवर. मग प्रवाह खंडित होईल नाही तर काय? हे त्या कंपनीच्या शिकल्यासवरलेल्या लोकांना कसं सुचलं नाही, याची त्यांना कीव आली. “आठ मीटर द्या,” ते म्हणाले. दुकानदार निमूटपणे वायर मोजू लागला. गिऱ्हाईक शहाणं नसलं तर दुकानदाराचं काही बिघडत नाही.

बुधवारी बाई भाजी आणायला बाहेर पडल्या आणि ओव्हरसिअरांनी काम हाती घेतलं. मोडेम कपाटाच्या माथ्यावर चढला. तिथून वायर भिंतीवरून, फुटाफुटावर क्लिपा ठोकत, पद्धतशीर उतार देत टेबलापर्यंत आली. उतार त्यांनी पाणी भरलेल्या नळीनं तपासून घेतला. आयुष्यात इतकं देखणं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं, कारण आजवर ते फक्त उभे राहून इतरांकडून करून घेत होते. मग वायरच्या दोन्ही टोकांना त्यांनी पांढरी टेप गुंडाळली. नळ बसवताना आट्यांवर गुंडाळतात ती, गळतीबंद. टेप दोन-तीन पदरी झाल्यामुळे टोक भोकात जाईना. मग जरा जोर लावला. कुठंतरी ‘कट्’ आवाज झाला आणि टोक बसलं. ‘कट्’ म्हणजे घट्ट बसल्याची खूण, असं त्यांनी मनाला समजावलं.

उरला प्रश्न यूएसबीच्या जुन्या वायरचा. ती काढायची असं लेक म्हणाली होती. पण चालू असलेली जुनी पाइपलाईन कुणी काढून टाकतं का? एकीनं थोडं येतंय, दुसरीनं थोडं येईल, मिळून भरपूर होईल. त्यांनी ती तशीच ठेवली आणि कॉम्प्युटर सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटी चित्रं लुकलुकली. ओव्हरसिअरांनी समाधानानं हात पुसले. मग दोन्ही चित्रं एकदम विझली, आणि आधी अर्ध्या तासानं जाणारं इंटरनेट आता मुळी येईनासंच झालं.

बाई भाजीची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, मोडेम कपाटावर का चढलाय?”

“प्रेशरसाठी,” ओव्हरसिअर म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. “आज बुधवार,” एवढंच त्या म्हणाल्या. शाळेत परीक्षेला किती दिवस उरले हे त्या याच आवाजात सांगत असत.

गुरुवारी सगळं पुन्हा उलगडायचं ओव्हरसिअरांनी ठरवलं होतं. पण गुरुवारी सकाळी मोडेमचे सगळे दिवे गेले आणि घरातला फोनही मुका झाला. मॅनेजरांच्या घरून त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “आपल्या अर्जानुसार आपली जोडणी जुन्या स्थानावरून काढण्यात आली आहे. नव्या स्थानाची पाहणी होऊन ती सात ते दहा दिवसांत जोडली जाईल.”

“अहो पण नवं स्थान जुन्या स्थानापासून वीतभर आहे.”

“अंतराची अट नाही, सर,” गोड आवाज म्हणाला.

मॅनेजर शेजारी उभे राहून ऐकत होते. “तरी मी म्हटलं होतं, पोच घ्या,” ते म्हणाले. पोच ओव्हरसिअरांच्या खिशातच होती. तिचा उपयोग एवढाच, की आपण आपल्याच हातानं आपली लाईन तोडून घेतल्याचा तो लेखी पुरावा होता.

शुक्रवारी ते पुन्हा चार नंबरच्या खिडकीसमोर उभे राहिले. पुढे सात माणसं होती. पाऊण तासानं नंबर आला तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी फाइलमध्ये बघतच सांगितलं, “सात ते दहा दिवस.” ओव्हरसिअरांनी अर्ज समजावला, नकाशा समजावला, उत्तर दिशा समजावली. गृहस्थ फाइलमध्येच होते. असंच फाइलमध्ये बघत आपण एकतीस वर्षं लोकांशी बोलत आलो, हे तिथं ओव्हरसिअरांच्या ध्यानात आलं. बादल्या घेऊन आलेली माणसं त्यांना आठवली. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती नकाशाच्या लाजेपेक्षा मोठी होती.

मग त्यांनी खरं तेच सांगून टाकलं. “साहेब, उद्या चार वाजता माझ्या बायकोचा बुद्धिबळाचा अंतिम डाव आहे. मागचा डाव लाईन गेली म्हणून गेला. मला ती दुरुस्त करायची होती. मीच घोळ घातला.”

गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांनी ओव्हरसिअरांना निरखून पाहिलं.

“तुम्ही पाणीखात्यात होतात ना?”

“हो.”

“शाळेमागचा रस्ता खणलात तो तुम्हीच ना?”

“हो,” ते म्हणाले.

“खड्ड्यासमोरचं घर आमचं.”

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. गृहस्थांनी अर्ज ओढून घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, आणि तोंडावरची रेषही हलू न देता म्हणाले, “उद्या सकाळी माणूस येईल. दोन तासांचं काम आहे.”

यात दया किती आणि सूड किती, याचा हिशेब ओव्हरसिअर घरी येईपर्यंत करत होते.

शनिवारी सकाळी कुणी आलं नाही. बारा वाजले, एक वाजला. बाई जेवल्या, त्यांनी केस नीट बांधले, चष्मा पुसला आणि बंद कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ओव्हरसिअर दारात येरझारा घालत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी स्कूटर थांबली आणि खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेली एक बाई उतरली. कंपनीची लाईनवाली.

“नवं घर कुठलं?” तिनं कागद बघत विचारलं. “इथं म्हणे ‘खालून पहिले भोक’. मला वाटलं तळघर असेल.”

“हेच घर,” ओव्हरसिअर म्हणाले. “या टेबलामागे.”

लाईनवालीनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, उत्तर दिशेच्या बाणाकडे पाहिलं आणि आदरानं घडी करून खिशात ठेवला. बाहेरची लाईन जोडायला तिला वीस मिनिटं लागली. फोन खणखणला, मोडेमचे दिवे लागले. मग ती टेबलामागे वाकली आणि वायरचं टोक हातात धरून उठली.

“हे काय गुंडाळलंय?”

“टेप आहे.”

“ते दिसतंय. कशाला?”

“गळती होऊ नये म्हणून,” ओव्हरसिअर म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज आपोआप बारीक झाला.

लाईनवाली हसली नाही. काही माणसं जात्याच थोर असतात. “साहेब, टेपेमुळे आतल्या पट्ट्या टेकतच नाहीत. आणि हे टोक जोर लावून मोडलंय.” तिनं मीटरभर वायर कापून घेतली, तिच्या दोन्ही बाजूंना पिशवीतली नवी टोकं लावली. मोडेम कपाटावरून खाली टेबलावर आला. आठ मीटरांतली सात मीटर वायर भिंतीवरच राहिली, उतारासकट.

“आणि या दोन-दोन वायरी एकदम कशाला लावल्या?”

“म्हटलं, दोन्हीकडून येईल.”

“तसं होत नाही. दोघं एकदम बोलायला लागले की तिसऱ्याला धड एकाचंही ऐकू येत नाही.”

“हे मी तीस वर्षं सांगतेय,” बाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात त्या आठवड्यात पहिल्यांदाच जीव आला होता.

लाईनवालीनं यूएसबीची वायर उपटली, उरलेल्या मीटरभर वायरचं टोक खालून पहिल्या भोकात खोचलं. बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. “याला अर्ज लागत नाही हो,” ती जाता जाता म्हणाली. “दोन मिनिटांचं काम होतं.” घड्याळात चारला आठ मिनिटं कमी होती.

डाव सुरू झाला. ओव्हरसिअरांना दाराशेजारच्या स्टुलावर बसायची परवानगी मिळाली, कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. बुद्धिबळातलं त्यांना कळत नव्हतं. ते फक्त हिरव्या दिव्याकडे बघत होते. अर्धा तास झाला, दिवा लागलेला. पाऊण तास झाला, दिवा लागलेला. इकडे पटावरची गर्दी विरळ झाली होती आणि बाईंच्या कपाळावर आठी चढली होती. काहीतरी अडलं होतं.

आणि पडदा थबकला. ओव्हरसिअर स्टुलावरून उठले. दिवा तर लागलेलाच होता.

“आपली नाही,” बाई म्हणाल्या. “तिची गेली.”

घड्याळ थांबलं. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. पडद्यावर दोन बटणं आली.

“अगं दाब की,” ओव्हरसिअर म्हणाले. “तिनं दाबलं होतं.”

“म्हणूनच नाही दाबायचं.”

“तू पुढे आहेस का?”

“नाही. जरा मागेच आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ‘वाट पाहा’वर टिचकी मारली. मग खुर्चीला टेकून दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसल्या. ओव्हरसिअरही बसले. ही बाई आपल्या वाट्याला कशी आली, असा प्रश्न त्यांना लग्नानंतर अनेकदा पडला होता, पण इतक्या आदरानं कधी नाही. चौदा मिनिटं दोघं बसून राहिले.

पंधराव्या मिनिटाला पटाशेजारच्या चौकटीत अक्षरं उमटली. ‘माफ करा. मोडेम आमचे हे दुरुस्त करत होते.’ थोडं थांबून पुढची ओळ आली. ‘तुम्ही थांबलात. मागच्या वेळी मी थांबले नव्हते.’

बाईंनी लिहिलं, ‘चाल तुमची आहे.’

त्यानंतर अठरा चालींनी बाई हरल्या. साधं, सरळ हरल्या. एका प्याद्यापायी. ओव्हरसिअरांना पट कळत नव्हता, पण बायकोचे खांदे कळत होते. त्यांना फार वाईट वाटलं. एका आठवड्याची लाज, खिडकी, खड्डा, सगळं कशासाठी केलं होतं? काहीतरी बोलायला हवं म्हणून ते खाकरले.

“मध्ये माझा पाय वायरला लागला असेल का गं? जरा सैल—”

“वायर छान होती,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. “घोडा चुकला माझा. तिसाव्या चालीला. मी हरले.” आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता, की ओव्हरसिअर बघतच राहिले.

चौकटीत पुन्हा अक्षरं आली. खारूताई विचारत होती, ‘तुमची लाईन एकदाही गेली नाही. तुमच्याकडे कुणी करून दिलं? आमच्या ह्यांना सांगायचंय.’

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ओव्हरसिअर स्टुलावरून उठले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि एकतीस वर्षं सर्क्युलरं सांगायचे त्या आवाजात म्हणाले, “लिही. पहिली गोष्ट, टेप लावू नका.”